कोऱ्या टाचा

फ्रेसियाचे बूट लहान झाले की मी ते उलटे करून बघतो.
पुढची टोकं झिजून अस्तर बाहेर आलेलं,
टाचा कोऱ्या,
दुकानातला आकडासुद्धा पुसलेला नाही.
बूट शिवणारा ओसोरियो म्हणाला, "पोर चालते की उडते?"
मी हसलो. पैसे दिले.
घरी येईपर्यंत ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं.

साडेतीन वर्षांची आहे.
मारिपोसास टेकडीवर आमचं निळ्या पत्र्याचं घर,
खाली वालपाराइसोचं बंदर, क्रेन, कंटेनर,
मधे दोनशे अकरा पायऱ्या.
चढताना तिचं कुणाला कळत नाही,
चढाला सगळेच चवड्यांवर असतात.
उतरताना कळतं.
मी तिच्या एक पायरी पुढे, तोंड तिच्याकडे,
हात पसरून,
खेकड्यासारखा.

ओरिएताबाई म्हणतात, नाचात नाव काढणार बघा.
सासूबाई म्हणतात, तो चाकांचा वॉकर मीच आणला होता,
आणि रात्री बहिणीला फोनवर पुन्हा तेच सांगतात.
बायको काही म्हणत नाही.
यानेतच्या मोबाईलमध्ये एक यादी आहे, मी चोरून वाचली:
हाक मारली की वळते का? हो.
बोटाने दाखवते का? हो.
वस्तूंची रांग लावते का?
इथे तिने काही लिहिलेलं नाही.
फ्रेसिया माझ्या टोप्यांची रांग लावते.

माझी बोच वेगळी.
मी पावाच्या भट्टीवर असतो, रात्री अकरा ते सकाळी सात.
परततो तेव्हा अंगावर पीठ, डोळ्यांत वाळू,
आणि मग दिवसभर या घरात एकच शब्द,
हळू.
हळू, बाबा झोपलाय.
लाकडी जमीन आमची, जराशाने करकरते.
ती उभी राहायला शिकली ती याच फळ्यांवर,
याच शब्दावर.

खाली दवाखान्यात यास्नाने तिला जमिनीवर बसवलं.
म्हणाली, ऊठ बघू.
आम्ही दोघं तिच्या हातांकडे बघत होतो,
मांड्यांचा आधार घेत वर चढतात का;
यानेतने कुठंतरी वाचलं होतं.
हात नाही चढले. ती उठली,
आणि उठली ती चवड्यांवरच.
यास्नाने पावलं वर दाबून कोन मोजले.
उजवं येतंय. डावं अडतंय.
"टाचेमागची नस आखडत चाललीय. कारण?
पुष्कळदा सापडत नाही."
तेव्हा मी विचारलंच, माझ्या झोपेचं.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.
"तसं असतं तर सगळ्या भट्टीवाल्यांची पोरं माझ्याकडे आली असती."
मला हायसं वाटलं.
आणि थोडं वाईटही.
माझ्यामुळे असतं, तर मला थांबवता आलं असतं.

आता रोज सकाळी, झोपण्याआधी,
तिची टाच माझ्या तळहातात.
गुडघा सरळ, पाऊल वर, तीसपर्यंत.
मोजते तीच. सतरा तिला आवडत नाही, गाळते.
मी मनातल्या मनात भरून काढतो.

मंगळवारी दुपारी जमीन हलली.
इथे हलतेच; आम्ही तिला शिव्या देतो, टेकडी सोडत नाही.
पण झोपेतून उठवलं तिने.
बशा वाजत होत्या. मी अनवाणी बोळातून धावलो.
ती दाराच्या चौकटीत, आईचा हात धरून,
माझ्या पायांकडे बघत.
"बाबा, तू पण!"
बघतो तर खरंच,
माझ्या दोन्ही टाचा हवेत.

तुझ्या पायाखाली रोजच हलतं का गं? मी विचारलं.
म्हणाली, भूक लागली.

मार्चमध्ये प्लास्टर घालायचंय, दोन्ही पायांना,
दर आठवड्याला नवं.
रंग निवडायला मिळतो. तिने पिवळा निवडलाय.
तोवर भट्टीवरचं पीठ माझ्या कपड्यांतून फळ्यांवर झडतं,
आणि दुपारी जाग आली की पलंगाभोवती दिसतं,
ती येऊन बघून गेलेली:
पाच बोटं, एक चवडा,
पाच बोटं, एक चवडा.
मी वाकून नीट बघतो, कुठे एखादी टाच उमटलीय का.
झाडू उशिरा मारतो.